खिचडी होईस्तोवर

गोष्ट अकराला सुरू होते,
डाळ-तांदूळ शिजायला घातले की.
तारकाबाई तक्त्यावरची धूळ पदराने पुसतात.
मी मदतनीस, चुलीपाशी.
मधल्या दाराला कडी नाही,
म्हणून मला सगळं ऐकू येतं.

"एका जंगलात एक सिंह राहत होता."

"कोन्या जंगलात जी?" सम्यक विचारतो.
साडेचार वर्षांचा. बाप फॉरेस्टात चौकीदार.
"आपल्यात सिंह नाही. पट्टेवाला हाये."

बाई तक्त्याकडे बघतात.
तिथे सिंह मुकुट घालून बसलाय,
कोपरा उंदरांनी खाल्लेला.
बरं. एका जंगलात एक वाघ राहत होता.
त्याला लागली भूक, त्याने फोडली डरकाळी...

"भुकेला वाघ चूप रायते," भाविका म्हणते.
"वान्नेरं बोंबलतात. मंग समजते."

मी तोंडाला पदर लावते.
बाई शहाण्या. जूनमध्ये आल्या साकोलीहून,
आणि इतक्यात शिकल्या
की इथे गोष्ट हळूहळू सांगावी लागते,
दर ओळीला गावाला विचारून.

मग वाघाने पंगत ठेवली, मोहाच्या झाडाखाली.
कोण कोण आलं?
सायाळ आली खुळखुळ खुळखुळ
(माझ्या खराट्याच्या चार काड्या
दिव्यांशूच्या केसांत गेल्या).
खवल्या मांजर आलं, लाजून गोल झालं,
गोलच राहिलं, त्याला उचलून बसवावं लागलं.
चितळ आलं टुणकन, रोही आली धपधप,
मोराने जागा अडवली तीन जणांची.
"आणि मग," बाई म्हणाल्या, "आलं अस्वल."

माझा चाटू थांबला.

बाईंना कोणी सांगितलं नव्हतं.
गेल्या चैत्रात, तांबडं फुटायच्या आधी
झनकची मावशी मोह वेचायला गेली होती.
अजूनही ती पदर उजव्या गालावर ओढून बोलते.
सगळी पोरं झनककडे बघत होती.
पोरांना सगळं माहीत असतं.

डाळ उतू चालली होती.
मी उठले नाही.

झनक उठली.
पायाचे अंगठे आत वळवले,
पाठ वाकवली, नाक जमिनीला लावून
फूं फूं करत निघाली.
मधेच थांबली. मागे वळली.
सगळ्यांत लहान साक्षीला म्हणाली, "बस पाठीवर."
साक्षी बसली. केस घट्ट धरले.

"तिच्यापाशी लेकरू होतं," झनक म्हणाली, खालीच बघत.
"मावशीनं तिले पायलं नाही.
तिनं मावशीले पायलं नाही.
दोघीबी फुलंच पाहत होत्या."

बाहेर कोंबडी ओरडली. आत कोणी नाही.

मग सम्यकने मुद्द्याची गोष्ट काढली:
"मंग पंगतीत तिले कुठी बसवाचं?"
"दूर!"
"लई दूर. बोडीच्या पल्याड."
"नाही, तिच्या लेकराले भूक लागन नं."
"घंटी बांधा गळ्यात."
"कोन बांधन? तू बांधतं?"

झनक विचार करत होती,
पाठीवर साक्षी, डोळ्यावर केस.
"खोकलाचं," ती म्हणाली.
"तिनंबी खोकलाचं, आपनबी खोकलाचं.
मंग बसाचं."

आणि अंगणवाडी खोकायला लागली.
सायाळ खोकली, चितळ खोकलं,
मोर इतका खोकला की त्याला हसू आलं,
हसता हसता खरा खोकला लागला.
तारकाबाई दारात आल्या:
"काकू, धूर आत येतोय का?"
"नाही बाई," मी म्हटलं, "खिचडी झाली."

बुडाला थोडी लागली होती. कोणी काही बोललं नाही.
झनकने दोनदा घेतली,
दुसऱ्यांदा साक्षीच्या ताटात ओतली.

संध्याकाळी काड्यांची मोळी घेऊन
मी पांदणीने घरी निघाले.
बोरं पिकलीत, खाली सडा पडलाय.
वळणावर मी थांबले
आणि दोनदा खोकले.

बोरीमागे काहीतरी हललं,
मग वाट देऊन गेलं.